तिठ्यावरची खूण

शनिवारी दिवेलागण झाली की त्या घरात दोन गोष्टी एकदम सुरू होत. देवघरात सविता माळ घेऊन बसे आणि बैठकीत फोन वाजायला लागे. फोन तिच्या दिरासाठी, मयूरसाठी असायचा. दोन हजार सहा सालची गोष्ट. जाड टायरची गिअरची सायकल घेऊन डोंगरात शिरणारी माणसं नाशिकात तेव्हा थोडीच होती, आणि रविवारी कुठे जायचं हे मयूरला विचारल्याशिवाय त्यांतल्या एकालाही चैन पडत नसे.

"आंजनेरी? नको," मयूर सांगत असे. "खालच्या वाटेवरचा मुरूम सगळा सुटलाय. पुढचा ब्रेक दाबलास तर दात हातात येतील. रामशेजला नुसता फुफाटा. पांडवलेण्याच्या मागं जाणार असलास तर दोन ट्यूब ने, काटे पडलेत बाभळीचे. धरणाच्या पाठीमागं पाणी हटलंय, पण गाळाला भेगा गेल्यात, चाक अडकतं. करवीची वाट धर. सावली आहे, माती अजून धरून आहे. आणि पाणी घरून न्यायचं. चैत्रात झऱ्यांच्या भरवशावर राहायचं नाही."

इकडे मणी सरत, तिकडे वाटा सरत. सविताने जन्मात कधी सायकल चालवली नव्हती. पण कुठल्या वाटेवर कुठल्या महिन्यात काय होतं ते तिला ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

त्या शनिवारी तो कुणाला तरी वणव्याचं सांगत होता. "पाड्यांवर राब भाजायला घेतलेत ना आता. अरे, भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा पसरून पेटवतात ते. वाऱ्यानं एखादी ठिणगी गवतात गेली की झालं. तर ऐक. धूर दिसला तर वर पळायचं नाही. चढावर आग माणसापेक्षा जोरात पळते. आधीच जळून काळी झालेली जागा शोधायची आणि तिच्यावर जाऊन बसायचं. जळालेलं परत जळत नाही."

त्याची बायको स्नेहल स्वयंपाकघराच्या दारात कैऱ्या किसत उभी होती. दुसऱ्या दिवशी आंबेडाळ आणि पन्हं न्यायचं होतं.

"म्हणजे होळी विझली की तिच्यात जाऊन बसायचं," ती म्हणाली. "छान आहे. नैवेद्य पण तिथंच दाखवायचा का?"

मयूरने फोन ठेवला. "हस. उद्या येणारेस ना, मग आत्ताच हसून घे."

"येणारच आहे. फक्त मागून. वेदूला आधी आईकडे सोडायचंय, लेकराला कुठं नेऊ डोंगरात."

"मागून म्हणजे एकटी? मग पुढच्या रविवारी ये."

"वर्षभर पुढचाच रविवार सांगतोयस मला." स्नेहलचा हात किसणीवर थांबला. शाळेत शिकवून जमवलेल्या पगारातून तिने स्वतःची सायकल घेतली होती, आणि ती सायकल अजून गंगापूर रोडच्या पुढे गेली नव्हती. "मला वाट माहीत नाही, एवढंच ना? तू खुणा करून ठेव. मी खुणांवरून येते."

मयूर फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिला.

"करा हो खुणा, भाऊजी," सविता देवघरातून म्हणाली. तिचा आवाज असा की बोललेलं शेजारच्या खोलीत जेमतेम पोचावं. "मी गाडी घेऊन येतेच आहे. खिंडीतल्या देवीची ओटी भरायचीये मला. स्नेहल कुठे चुकणार नाही."

सविताचा नवरा रविवारी देवळाली कॅम्पातलं दुकान सोडून येत नसे. त्यामुळे मारुती व्हॅन तिच्याच हातात असायची, आणि सायकलवाल्यांचं खाणंपिणं पोचवायचं कामही.

रविवारी ती अंधारात उठली. आंघोळ, देवघरापुढचं चैत्रांगण, दिवा. हे झाल्यावरच पाण्याचा घोट, ही तिची रोजची रीत. चैत्र असल्यामुळे रांगोळीचा डबा आणि हळदकुंकवाची कुयरी तिने पिशवीत टाकली. देवीपुढेही दोन रेघा काढायच्या होत्या.

गिरणाऱ्याच्या पुढे डांबर संपतं आणि जंगलाचा कच्चा रस्ता चढत चढत खिंडीत जातो. खिंडीत कातळावर देवीचं लहानसं देऊळ आहे, घंटा आहे, आणि देवळापुढे वाट दुभंगते. डावीकडची वाट करवीच्या उंच झुडपांच्या रानातून, नाल्याच्या कडेने उतरते. उजवीकडची डोंगराच्या गवताळ सोंडेवरून. पावसाळ्यानंतर ही सोंड हिरवीगार, सायकलला मऊ. चैत्रात मात्र कमरेएवढं वाळकं गवत, खाली सुटा मुरूम, आणि सोंड शेवटी कड्यावर जाऊन संपते. कड्याच्या अलीकडून वळसा घालून एक वाट खाली धरणाकडे निघते, पण ती माहीत असणाऱ्यालाच. मयूर मार्चनंतर कुणालाही तिकडे पाठवत नसे.

सविता पोचली तेव्हा पाच-सहा सायकली देवळाला टेकून उभ्या होत्या. मयूर पाठीवरची पिशवी तिसऱ्यांदा उपसत होता.

"काय शोधताय?"

"फक्की. मैदानावर आखायला वापरतात ती. पिशवी भरून दारात ठेवली होती."

"दारातच आहे ती," सविता म्हणाली. "मी बाहेर पडताना ओलांडली. मला वाटलं चुना आहे."

त्यांच्यातला योगेश हसला. हा रेडिएटरच्या कारखान्यात मयूरच्या हाताखाली होता, पण रविवारी कुणाच्याच हाताखाली नसे. "साहेब पंप घेतात, हवा विसरतात."

"दगड रचून ठेवूया," मयूर म्हणाला.

"दगड कळायचे नाहीत तिला. गुराखी पण रचतात." सविताने डबा उघडला. "सरका. मी काढते."

तिठ्याच्या मधोमध तिने पदर खोचून, खाली बसून एक मोठा बाण काढला. रोजच्या सवयीची सरळ, भरीव रेघ. टोक करवीच्या वाटेकडे. रेघ ओढून झाली आणि तिचं बोट आपोआप कुयरीत गेलं. एक बोट हळद, एक बोट कुंकू, बाणाच्या टोकाशी आणि शेपटाशी. नुसती पांढरी रांगोळी उघडी सोडायची नाही, हे सासूबाईंनी सांगितलेलं पहिल्या वर्षापासून तिच्या हातात बसलं होतं. मनात येण्याआधी हात चालायचा.

"वहिनी, बाणाची पूजा केलीत," योगेश म्हणाला. "आता नारळ वाढवा आणि प्रसाद द्या."

सगळे हसले. मयूरही हसला, आणि एकामागून एक ते करवीत शिरले. ब्रेकची किरकिर बराच वेळ ऐकू येत राहिली. सविताने देवीची ओटी भरली, घंटा एकदा वाजवली आणि व्हॅन वळवून धरणाच्या रस्त्याला लावली.

खाली जांभळाच्या सावलीत सतरंजी घालून ती बसली. सायकलवाले आले, धुळीने माखलेले, खूष. पन्ह्याचे पेले फिरले. ऊन अजून अंगाला सोसण्यासारखं होतं.

"वाट एक नंबर," योगेश म्हणाला. "सावलीतनं थेट खाली. मी म्हटलं ना, चैत्रात करवी म्हणजे एसी."

"तू कधी म्हटलास?"

"साहेब म्हणाले, मी ऐकलं. एकच."

मयूर करवीच्या तोंडाकडे बघत होता. स्नेहल गिरणाऱ्यातून निघाली असेल, खिंडीत पोचली असेल, आता उतरत असेल, असं तो मोठ्याने म्हणाला. मग पुन्हा तेच, जरा वेगळ्या शब्दांत. मोबाईलला तिथे रेंज नव्हती.

धूर आधी योगेशने पाहिला. सोंडेच्या पायथ्याशी, भाताच्या खाचरांच्या वर, पांढरी दोरी उभी राहावी तसा.

"राब आहे," मयूर म्हणाला.

"हो, राबच असेल."

थोड्या वेळाने ती दोरी जाड झाली, करडी झाली आणि वाऱ्यासरशी सोंडेवर आडवी पडली. खालून वारा सुटला होता. वाळक्या गवताचा तडतड आवाज इतक्या लांबून यायचं कारण नव्हतं, पण आला.

"ती करवीतून येतेय," मयूर म्हणाला. "नाल्यात ओल आहे. तिकडं आग जात नाही." त्याच्या हातातला पेला भरलेलाच होता.

सविता उठून उभी राहिली. करवीच्या वाटेच्या तोंडाशी हालचाल झाली होती. सायकल नव्हती. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या चार-पाच बायका होत्या. पहाटे मोहाची फुलं वेचायला गेलेल्या. सगळ्यांत पुढची म्हातारी चिमणाबाई, तिला सविता ओळखत होती. दर चैत्रात देवळाशी भेटायची.

"चिमणाबाई, बसा. पन्हं घ्या," सविताने पेला पुढे केला. "येताना सायकलवरची बाई दिसली का? लाल टोपी घातलेली?"

"नाय बाई. कोनी नाय दिसलं." म्हातारीने टोपली उतरवली, पेला घेतला. "आन त्या वाटंनं आता कोनी येनार बी नाय. आमी बंद केलीय ती."

"बंद?" मयूर वळला.

"तिठ्यावं उतारा टाकलाय कुनीतरी. वाईट जागा धरून. पांढरं आखलंय, वर हळदकुकू. पाड्यात दोन पोरं तापानं पडलीत, आन त्यात हे. कुनी ववाळून टाकलं काय म्हाईत. पोरंसोरं वलांडतील म्हून आमी बोरीच्या काट्या टाकल्या आडव्या. वाटंच्या तोंडालाच टाकल्या. आमी मागनं झाडीत घुसून आलो."

सविताने आपल्या बोटाकडे पाहिलं. नखाच्या कडेला पिवळं होतं.

"उतारा नाही तो," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, आणि कुणी ऐकलं नाही. चिमणाबाई पन्ह्याची चव घेत होती, मयूर धुराकडे बघत होता. सविताने त्याच्या बाहीला धरलं. "भाऊजी, ती माझी खूण. मी हळदकुंकू लावलं. यांना तो उतारा वाटला. करवीच्या तोंडावर काट्या आहेत. स्नेहल गवतात उतरलीय."

 मयूर सायकलकडे धावला.

"खालून नका," चिमणाबाई म्हणाली. "मदी आग हाय."

"वरून," सविता म्हणाली. किल्ली तिच्या हातात होती. "योगेश, तू इथंच थांब. करवीतून आली तर इथंच बसवून ठेव. बाकीच्यांनी पाड्यावर जाऊन माणसं बोलवा."

चिमणाबाई न विचारता मागे चढून बसली. काट्या तिने टाकल्या होत्या, त्या दुसऱ्या कुणी उचललेल्या तिला चालणार नव्हत्या.

कच्च्या रस्त्यावर व्हॅन दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढत होती. मयूर फोनची बटणं दाबत होता, कानाला लावत होता, पुन्हा दाबत होता.

"मी सांगत होतो," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी म्हणून सांगत होतो. तुम्हीच म्हणालात चुकणार नाही."

 वळणावर दगड होता, सविताने चाक त्याच्या बाजूने काढलं.

"तसं नाही वहिनी," तो जरा वेळाने म्हणाला.

"असू द्या."

तिठ्यावर बोरीच्या फांद्या होत्या, मोठ्या, वाटेच्या तोंडाशी गच्च लावलेल्या. त्यांच्या अलीकडे बाण तसाच होता, टोक आता थेट काट्यांत गेलेलं. धुळीत सायकलच्या जाड टायरचा माग काट्यांपर्यंत गेला होता, तिथे घुटमळला होता, एक पाय टेकलेला दिसत होता. मग तो उजवीकडे वळला होता.

तिघं कातळाच्या कडेला गेली.

सोंड खाली उघडी पडली होती. सगळी पिवळी, आणि पायथ्याकडून वर सरकत येणारी आगीची वाकडी रेघ. रेघेच्या पुढे धूर, धुरात पाखरं. सोंडेच्या साधारण मध्यावर एका बाजूला जमिनीचा एक चौकोन काळा कुळकुळीत पडला होता. दोन-चार दिवसांपूर्वीचा राब. आणि त्या चौकोनाच्या वर, पण कातळावरच्या या तिघांपेक्षा चौकोनाला कितीतरी जवळ, स्नेहल उभी होती. सायकल आडवी पडलेली. लाल हेल्मेट. ती खाली आगीकडे बघत होती. मग तिने मान वळवून वर पाहायला सुरुवात केली.

हात उंचावून हाक मारायला मयूरने श्वास घेतला. सविताने त्याच्या शर्टाची कॉलर मागून धरली आणि खाली ओढली.

"खाली बस."

"वहिनी..."

"खाली बस, मयूर. दिसलास तर ती वर येईल."

तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तो आठवीत होता, आणि तरी पहिल्या दिवसापासून भाऊजीच. तो कातळामागे गुडघ्यांवर बसला तो बहुतेक त्या धक्क्यानेच.

"येऊ दे ना वर. मी उतरतो अर्धा, तिला..."

"काल फोनवर काय सांगत होतास? चढावर आग कशी पळते?"

तो तिच्याकडे बघत राहिला. जे तो गेली पाच वर्षं शनिवारच्या शनिवार सांगत आला होता ते त्याच्या डोक्यातून पार पुसून गेलं होतं.

"मग ओरडून सांगतो. काळ्यावर जा म्हणून."

"वारा आणि हा आवाज, शब्द नाही पोचणार. हाक तेवढी पोचेल. आणि तुझी हाक ऐकली की ती तुझ्याकडेच धावेल. मधला चढ बघ. मुरूम आहे सगळा. दोन पावलं वर तर एक खाली."

"आणि तिला नाही सुचलं तर?"

 मयूरने हाक मारायला तोंड उघडलं. सविताने आपला हात त्याच्या तोंडावर ठेवला आणि दाबून धरला.

"घाट वाजवू का?" चिमणाबाई मागून कुजबुजली. तिचा हात देवळाच्या घंटेच्या दोरीकडे गेला होता. "मानसं येतील."

"नको, मावशी. हात लावू नका. आणि बसा खाली."

कातळाच्या फटीतून सविताला दिसत होतं. स्नेहलने वर पाहिलं. नीट पाहिलं, डोळ्यांवर हात धरून, देवळाच्या बाजूला, मग रस्त्याच्या बाजूला. एक पाय चढाकडे टाकला. तिच्या पायाखालचा मुरूम घरंगळला आणि ती हातावर टेकली. पुन्हा वर पाहिलं. सविताच्या तळहाताखाली मयूरचा श्वास गरम लागत होता. त्याने डोळे मिटून घेतले होते. माळेवरचं रोजचं देवाचं नाव तिच्या ओठांत होतं की नव्हतं, हे तिला नंतर कधी आठवलं नाही. तिला एवढंच आठवतं की ती स्नेहलकडे बघत होती आणि मनात म्हणत होती, वर काही नाही गं, वर कुणी नाही.

मग धूर मधे आला आणि काही दिसेना.

आग वर यायला फार वेळ लागला नाही. आधी उकाडा आला, मग आवाज. वाळकी काटकी पायाखाली मोडावी तसा, पण हजारोंनी. गवताचे जळते तुकडे त्यांच्या डोक्यावरून उडत गेले. चिमणाबाईने आपला पदर सोडून सविताच्या डोक्यावर टाकला. आग कातळाला येऊन भिडली, दगडावर जीभ फिरवावी तशी फिरली, आणि खायला काही नाही म्हटल्यावर तिथेच बसली. करवीच्या बाजूला नाल्यावर थबकली. मागे राहिली ती काळी सोंड, आणि इथे-तिथे धुमसणारी गवताची ठोंबं.

मयूर तिचा हात बाजूला करून उतरायला लागला. सविताही निघाली, तर म्हातारीने तिला धरलं.

"चपलांवर नको बाई. पाय भाजतील. त्येला बूट हायेत, त्येला जाऊ दे."

मयूर घसरत, बसत, पुन्हा उठत उतरत होता. प्रत्येक पावलाला राख उडत होती. सगळंच काळं होतं आता, त्यामुळे राबाचा चौकोन कुठला हे वरून कळेना. मग तिला लाल ठिपका दिसला. जमिनीला चिकटलेला, हलत नव्हता.

मयूर त्या ठिपक्यापाशी पोचला. क्षणभर उभा राहिला. आणि मग तो खाली बसला, एकदम, कुणी पायच काढून घेतल्यासारखा.

सविता कातळाच्या कडेवरून पाय खाली टाकायला गेली. चिमणाबाईने तिला काखेत धरलं.

खाली लाल ठिपका उचलला गेला. वर झाला आणि मयूरच्या पाठीत बसला. मग आणखी एकदा. स्नेहल त्याला हेल्मेटने मारत होती.

"हाय बाई," चिमणाबाई म्हणाली. "चांगली हाय. हात चालतोय."

त्यांना वर यायला वेळ लागला. स्नेहलची ओढणी पाण्याच्या बाटलीने भिजवलेली, तोंडाला गुंडाळलेली, आता काळी. भुवया जळाल्या होत्या. मनगटावर भाजल्याचा चट्टा. सायकलचं पुढचं टायर वितळून रिमला चिकटलं होतं आणि मयूर ती उगाचच खांद्यावर घेऊन येत होता.

सविताने पाण्याची बाटली पुढे केली. स्नेहलने घेतली नाही.

"मी वर बघितलं होतं, ताई," ती म्हणाली. घसा बसला होता. "दोनदा बघितलं. कुणीच नव्हतं."

"होतो," मयूर म्हणाला.

"होतात?" तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "इथं? मी तिथं उभी असताना?"

"हो."

"मग एक हाक नाही मारवली?"

सविता म्हणाली, "त्याला मी मारू दिली नाही. तोंड दाबून धरलं होतं त्याचं."

स्नेहल तिच्याकडे बघत राहिली. सविताने बाटली पुढे धरलेलीच ठेवली. शेवटी स्नेहलने बाटली घेतली, अर्धी तोंडावर ओतली, उरलेली प्यायली. मग देवळाच्या पायरीवर बसली.

"एक पाय टाकला होता वर," ती कुणाकडे न बघता म्हणाली. "वाटलं, हा येईल पळत. कुणीच दिसेना. मग ह्याचं ते होळीचं आठवलं." ती हसायला गेली आणि खोकला आला. "इतका राग आला होता ना मला. काळ्यात तोंड खुपसून पडले होते आणि ह्यालाच शिव्या देत होते."

"मग मला मारलंस ते?"

"ते त्यातलंच."

तिठ्यावर चिमणाबाई कोयता घेऊन उभी होती. काट्यांना तिने हात लावला नव्हता.

"तू आखलंस, तूच पूस," ती सविताला म्हणाली.

"मावशी, खरंच ती नुसती वाट दाखवायची खूण होती."

"आसंल. पर हळदकुकू लावलं का न्हाय? मंग पूस."

सविता खाली बसली. तळहाताने तिने बाण पुसला, आधी टोक, मग शेपूट, माती वर-खाली करून. रंग राहिला नाही असं बघून म्हातारीने कोयत्याच्या टोकाने एकेक फांदी ओढून बाजूला केली.

"पोरांचा ताप किती दिवसांचा आहे?" सविताने हात झटकत विचारलं.

"चार-पाच झालं."

"गाडी इथंच आहे. हिच्या मनगटाला औषध लावायला डॉक्टरकडे जायचंच आहे. पाड्यावरून त्यांना घेऊन जाऊ."

चिमणाबाईने जरा विचार केला. "दोगांच्या आया बी येतील."

"येऊ द्या. सायकल टपावर बांधू."

पुढच्या शनिवारी दिवेलागणीला फोन वाजला तेव्हा मयूर कंपनीतून आला नव्हता. स्नेहलने उचलला. मनगटाला अजून पट्टी होती. सविता देवघरात माळ घेऊन बसली होती.

"नाहीये तो. मी सांगते ना. आंजनेरी नको. हो, मुरूमच. करवीतून जा. तिठ्यावर खूण आहे, फक्कीची, नुसती पांढरी." ती ऐकत राहिली. "सोंडेवर आता काही नाही, सगळं जळालंय. पण दुसरीकडं कुठं धूर दिसलाच तर काळी जागा बघायची. आणि..." ती थांबली. "आणि वरून कुणी हाक मारली तरी वर जायचं नाही. कुणी का असेना."

सविताच्या हातात कितवा मणी होता ते तिला कळेना. तिने मेरुमण्याशी बोट नेलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.